आप्पांचा फोन बंद, तीन वाड्या तीन दिशांना

मा. संपादक, स.न.वि.वि.

"हल्ली गावचे ग्रुप मेले, पोरं नुसती इन्स्टावर" असं जो तो बोलतो, परवा एसटीत पण हेच ऐकलं. मला काय पटत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या गावची (तालुका दापोली) पहिली कम्युनिटी ऑर्कुटवर होती, मुंबईतल्या चाकरमानी पोरांनी काढलेली, निम्मे फोटो गणपतीचे नि निम्मे शिमग्यातल्या पालखीचे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तोवर बरीच मंडळी फेसबुकवर पोचलेली, तिथून व्हॉट्सॲपवर. माणसं तीच, भांडणं पण तीच (पाणंदीचं अजून मिटलेलं नाही). अधूनमधून कोणतरी रुसून लेफ्ट होतं, कोणाचा नंबर बदलतो, ग्रुपला ढिम्म फरक पडत नाही.

फरक पडला तो आप्पांमुळे. रिटायर पोस्टमन, तिन्ही वाड्यांच्या ग्रुपात असलेला हा एकच माणूस, इकडचं तिकडे टाकणार ते हेच. गेल्या पावसात मोतीबिंदूसाठी लेकाकडे पुण्याला गेले, मोबाइल बघायचा नाही म्हणून लेकीने काढूनच घेतला, आणि खालच्या वाडीत मयत झाली ती वरच्या वाडीला दुसऱ्या दिवशी कळली, सगळं उरकल्यावर! ग्रुप तिन्ही चालू होते बरं का, गुड मॉर्निंग वेळेवर येत होतं.

भाचा इंजिनीअर आहे, तो म्हणाला मामा हे २००० सालीच 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय, अल्बर्ट, जिआँग आणि बाराबाशी या तिघा शास्त्रज्ञांचं. इंटरनेटसारख्या जाळ्यातनं डोळे मिटून कुठलेही ठिपके (म्हणजे जोडलेली यंत्रं) उचला, जाळं टिकतं, पण सगळ्यात जास्त जोडलेले मोजके वेचून काढले की तुकडे पडतात. आपल्या रापणीच्या जाळ्यात सगळ्या गाठी सारख्या, इथे तसं नाही, नवीन येणारा आधीच ओळखी असलेल्यालाच धरतो. गावात नवी सून आली की तिचा नंबर पहिला आप्पांकडे.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, लाइट टॉवर सगळंच गेलं तेव्हा तर आप्पाही कामाचे नव्हते. एक पोरगा बाइकवरनं रेंज मिळेल तिथपर्यंत जायचा नि मुंबईला सगळ्या घरांची खुशाली कळवायचा.

आता आम्ही दर वाडीतली दोन-दोन माणसं बाकीच्या दोन्ही ग्रुपात घातलीत. आप्पा परत आलेत, थोडे नाराज आहेत.

आपला,
एक वाचक, दापोली