ड्रॉ लागल्यानंतर

पुणे, रविवार

प्रिय दोस्ता,

रोबोकॉनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेत, तुझ्या पोरांची पहिल्याच लीग मॅचला त्या बलाढ्य कॉलेजशी गाठ पडली, हे वाचलं आणि २०१७ ची बालेवाडी आठवली. आपल्यासमोरही तेव्हा असंच सरस कॉलेज आलं होतं. ड्रॉ कळल्यापासून पोरं गप्प आहेत म्हणतोस. साहजिक आहे. आपणही त्या रात्री जेवलो नव्हतो.

त्या वर्षीचा रोबोकॉनचा खेळ जपानने ठरवलेला. रोबोने मऊ चकत्या फेकायच्या, स्पॉटवरचा, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या जागेवरचा, चेंडू पाडायचा आणि त्यावर चकती बसवायची. सातही स्पॉटवर एकाच वेळी आपली चकती असली की ‘अप्पारे’, तीन मिनिटांची मॅच तिथेच संपली! आपला रोबो जवळचे तीन स्पॉट दहातून आठ वेळा घ्यायचा. हे आपण कॉलेजच्या बॅडमिंटन हॉलमध्ये, चिकटपट्टीने आखलेल्या अर्ध्या मैदानावर, महिनाभर घासून मिळवलेलं होतं. मग कठड्याला टेकून त्या समोरच्या कॉलेजचा सराव पाहिला, आणि रात्री दोनला आपण लांबच्या स्पॉटसाठी चकती फेकणाऱ्या रोलरचा वेग वाढवला. सकाळी बॅटरी पूर्ण चार्ज, रोलर आणखी जोरात, आणि चकत्या स्पॉटच्या पार पलीकडे. हातातले तीनही गेले. ते कॉलेज आपल्यापेक्षा सरस होतंच, पण ती मॅच आपण आदल्या संध्याकाळी त्या कठड्यापाशीच घालवली, असं मला आजही मनापासून वाटतं.

म्हणून पोरांना एवढंच सांग: समोरच्यांचा सराव जरूर बघा, पण त्या रात्री स्वतःच्या रोबोला हात लावू नका. जे दहातून आठ वेळा होतं ते नऊ वेळा कसं होईल, तेवढं बघा. प्रत्येक फेकीआधी बॅटरीचा व्होल्टेज लिहा, उतरत्या बॅटरीवरही सराव करा. दाबलेल्या हवेवर चालणारं काही असेल तर हवेच्या बाटल्यांमधला दाब दर फेकीला किती पडतो तेही लिहा.

लाक होंग आठवतं? व्हिएतनामचं ते विद्यापीठ २०१४ ला आपल्या पुण्यातच आशियाई रोबोकॉन जिंकलं. मग २०१७ ला टोकियोत आणि २०१८ ला पुन्हा, त्यांच्याच देशात. चार वर्षांत संघातली बहुतेक मुलं बदलली असणार. तरी जिंकणं टिकलं, म्हणजे जाणारी मुलं मागे काहीतरी ठेवून जात असणार. आपण काय ठेवलं? पास झालो, रोबोच्या मोटारी काढून पुढच्या बॅचला दिल्या आणि निघालो. कुठला कोन का निवडला, कुठला ब्रॅकेट किती वेळा तुटला, हे कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या पोरांनी सगळं शून्यापासून केलं. याची मला खरंच खंत आहे.

आपली निळी वही माझ्याकडेच होती. काल कुरिअर केली. मापं आता निरुपयोगी आहेत, पण मधल्या पानांवर सलग दोनशे फेकींच्या नोंदी आहेत, त्या पोरांना दाखव. मागची पानं कोरी आहेत. त्यांना तिथूनच लिहायला सांग.

मॅच झाली की लगेच फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझाच,
जुना रूममेट