आई-बाबा, घरी बंड्या आलाय

ती. आई-बाबांना सा. न.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. मी कुत्रा आणलाय. आणू का, असं विचारणारं हे पत्र नाही. तो आलाय आणि आत्ता माझ्या पलंगाखाली घोरतोय. फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईने "बरं, ठेवते" म्हटलं असतं, म्हणून लिहितेय. मोतीनंतर घरात पुन्हा कुत्रा नको, हे बाबांचं बोलणं मी विसरलेले नाही. ते त्या घराबद्दल होतं, असं मी सोयीने धरून चाललेय.

तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. दिवसभर नोकरी, घराला कुलूप, मुक्या जिवाचे हाल कशाला? म्हणूनच तर पिल्लू आणलं नाही. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर वर एखादा, शू धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३ महिन्यांचं पिल्लू जेमतेम ४ तास, आणि मी जाण्यायेण्यासकट त्याहून कितीतरी जास्त वेळ बाहेर. ते पाप नको होतं. बंड्या ४ वर्षांचा आहे. (नाव आधीचंच, मी ठेवलेलं नाही. आई, हसू नकोस.) मोठा कुत्रा दिवसाचे १२-१४ तास झोपेतच काढतो, ६-८ तास दमही धरतो. तरी दुपारी एक मुलगा येऊन त्याला फिरवून आणतो, पाणी बदलतो. त्याचे पैसे पडतात, पण पडू देत, माझी उधळपट्टी तेवढी कमी झालीय.

सकाळी ऑफिसच्या आधी पाऊण तास बाहेर नेते. पळवत नाही, मनसोक्त वास घेऊ देते. त्यानेच तो जास्त दमतो. एकेका बुंध्याशी असा रेंगाळतो की बाबांचं पेपर वाचणं आठवतं, शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींसकट.

एकटं राहायचंही शिकवावं लागतं. सुरुवातीला सुट्टी टाकून तेच केलं. दार ओढून घ्यायचं आणि लगेच आत यायचं. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. किल्ल्या नुसत्याच उचलायच्या आणि परत खुर्चीत बसायचं, म्हणजे त्यांचा आवाज झाला की त्याचा जीव खालीवर होत नाही. निघताना लाडीगोडी नाही. त्याच्या जेवणातलं थोडं रबरी खेळण्यात दाबून ठेवते. तो ते चाटत बसतो, तोवर मी रस्त्याला लागलेली असते. मग मोबाइलवर कॅमेऱ्यातून बघते, तर स्वारी माझ्या उशीवर. तिथे बंदी आहे, पण सांगणार कोण?

किल्लीवरून आठवलं. आई, तू माझ्या गळ्यात दोरीला बांधून किल्ली घालायचीस, शर्टाच्या आतून, आणि ती छातीला गार लागायची. शाळेतून आले की घर रिकामं. पण ओट्यावर झाकलेल्या ताटलीखाली चिठ्ठी असायची: "हात धू. सगळं संपव. साडेसहाला येते." टोमणा नाही हं हा, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. उलट सांगतेय. मला कधी टाकल्यासारखं वाटलं नाही, कारण साडेसहाला तू यायचीसच. बंड्याच्या बाबतीत मी तेवढंच पाळतेय. उशिराची मीटिंग निघाली की मी उठते. ऐन वेळी ठरणारे सिनेमे, सुट्टीतले प्रवास बंद झाले, हेही खरं. पण त्याचं मला फारसं काही वाटत नाही, हेही तितकंच खरं.

आता तुझा दमा. अमुक जातीचा त्रास होत नाही असं लोक सांगतात, त्यात अर्थ नाही. अॅलर्जी नुसत्या केसांनी नाही, कातडीच्या कोंड्याने आणि लाळेनेही होते. म्हणून तुमच्या खोलीत त्याला पहिल्या दिवसापासून प्रवेश नाही. दार बंद असतं, चादरी गरम पाण्यात धुतलेल्या असतील, केस विंचरणं घराबाहेर. तरीही पंप आणायचाच, आणि येण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. धाप लागली तर गुपचूप सोसत बसायचं नाही, मला सांगायचं. तो अंगावर उडी मारत नाही, त्यामुळे गुडघ्याची काळजी नको. रेबीजची आणि बाकीच्या लसी झाल्यात, पुढच्या तारखा फ्रिजवर लावल्यात.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं. मोतीला टेबलाखालून जे चालायचं ते इथे चालणार नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, काही म्हणजे काही नाही. द्राक्षं-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कितीने होतील ते आधी सांगता येत नाही. तुम्हाला त्याच्याकडे बघायचं नसेल तर नका बघू, मी समजू शकते. पण संध्याकाळी त्याला फिरवायला कुणीतरी लागेलच, आणि तुम्हाला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. साखरेचा रिपोर्ट आला असेल, त्याचा फोटो आजच पाठवा; "नॉर्मल आहे" असं तोंडी चालणार नाही. येण्याची तारीखही कळवा. आणि खिशात बिस्किटं आणू नका, दारातच तपासणार आहे.

तुमची,
छोटी