रक्त निसरडं असतं, हे ट्रेनिंगमध्येच कळू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी आर्मी मेडिकल कोअरमधून रिटायर झालेला नर्सिंग असिस्टंट, वानवडीला राहतो. आमच्या वेळी ट्रेनिंग कसं, तर टेबलावर एक जवान निवांत पडलेला, वर पंखा चालू, आपण पट्टी बांधायची आणि उस्ताद शाबास म्हणायचे. मग पोस्टिंगवर पहिली खरी कॅज्युअल्टी आली, रात्रीची वेळ, मांडीतून रक्त उसळतंय, पोरगा आईला हाका मारतोय आणि माझ्या हातातून टूर्निकेटची, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायच्या पट्टीची, पिळायची दांडी दोनदा निसटली, कारण रक्त इतकं निसरडं असतं हे मला माहीतच नव्हतं. तो वाचला, पण ती दांडी अजून माझ्या हातातून निसटते, झोपेत.

मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. रणांगणावर जे मृत्यू टाळता आले असते त्यातले सगळ्यात जास्त अशा रक्तस्रावानेच होतात, म्हणून टूर्निकेट आधी, बाकी सगळं नंतर. हल्ली असे पुतळे आहेत की पंपाने जखमेतून रक्त येतं आणि पट्टी नीट आवळली तरच थांबतं, छाती वरखाली होते, उस्ताद लांबून नाडी उतरवू शकतो. त्यात धूर, अंधार, स्फोटांचे आवाज घाला. घाबरलेल्या हातांनी एकदा काम केलेलं असलं की पुढच्या वेळी हात थांबत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

काही देशांत तर पाय गमावलेली माणसंच जखमीची भूमिका करतात. आपल्या पुण्यात १९४८ पासून एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज आहे, कमांड हॉस्पिटल आहे, कृत्रिम अवयव केंद्र तर एएफएमसीच्याही आधीचं, १९४४ चं. ज्या जवानांनी हे भोगलंय त्यांना विचारून, मानाने आणि मानधन देऊन ट्रेनिंगला बोलवा ना. पट्टी कुठे सैल राहते, कुठला शब्द ऐकून धीर येतो, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

आणि अशा सरावात अधूनमधून १०८ च्या आणि फायर ब्रिगेडच्या पोरांनाही घ्या, नवले पुलावरच्या अपघातातलं रक्तही तसंच वाहतं. कुणी सुरू करणार असेल तर दर रविवारी मी फुकट यायला तयार आहे, पुतळे धुवायलासुद्धा.

आपला,
एक माजी सैनिक, वानवडी, पुणे