अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल आणि फेसलेली मोहरी

संपादक महोदय,

स. न.

थंडी पडली, बाजारात आवळा आला, की आरोग्य पुरवण्यांत आणि त्यांच्या शेजारच्या जाहिरातींत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द हमखास दिसू लागतो. फ्री रॅडिकल (आजूबाजूच्या रेणूंना बिघडवणारे अस्थिर रेणू) शरीर आतून गंजवतात, त्यांना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घ्या, गंज थांबेल, आयुष्य वाढेल, असा एकूण सूर असतो. त्यातले गंजाचे वाक्य अर्धे खरे आहे. कॅप्सूलचे मात्र माणसांवर तपासून झाले आहे आणि निकाल जाहिरातदारांना आवडणारा नाही.

वार्धक्याचे मूळ फ्री रॅडिकलमध्ये आहे, ही कल्पना डेनम हार्मन यांनी १९५६ साली मांडली. तिच्यावर विसंबून पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला (१९९४). अमेरिकेत बीटा कॅरोटिन आणि ए जीवनसत्त्व एकत्र देणारी चाचणी १९९६ च्या जानेवारीत मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत हाच कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसत होता. ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या रोजच्या गोळीने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. ती चाचणी ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर होती. हे आकडे पुरवण्यांत क्वचितच येतात, म्हणून हे पत्र.

असे का झाले, हे समजायला शरीराची स्वतःची व्यवस्था पाहावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड हा असाच गंजवणारा पदार्थ पेशींतही थोडाथोडा तयार होत असतो. तोच खरचटलेल्या जागी ओतला की पांढरा फेस येतो. तो फेस म्हणजे आपल्या पेशींतले कॅटॅलेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करत असते. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाकले तरी तसेच फसफसते. उकडलेल्या बटाट्यावर टाकले तर काहीच नाही, कारण उष्णतेने विकर मेलेले असते. कॅटॅलेजचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडतो आणि पुन्हा कामाला तयार असतो. सी किंवा ई जीवनसत्त्वाचा रेणू एकदा कामी आला की त्याला दुसऱ्या कुणीतरी पूर्ववत करावे लागते. संरक्षणाचे खरे ओझे विकरांवर आहे आणि विकरे बाटलीत भरून गिळता येत नाहीत, पोटात ती पचून जातात.

ही विकरे किती बनवायची, हे ठरवणारा एनआरएफ-२ नावाचा प्रथिन-कारभारी प्रत्येक पेशीत असतो. एरवी त्याला दुसरे एक प्रथिन धरून ठेवते. पेशीवर थोडासा ताण आला की ती पकड सुटते, तो केंद्रकात जातो आणि संरक्षणाची जनुके चालू करतो. म्हणजे थोडा ताण ही इथे तक्रार नाही, सूचना आहे. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम दिला. ज्यांना त्याबरोबर रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिले, त्यांच्यात इन्सुलिनला प्रतिसाद सुधारण्याचा व्यायामाचा फायदा दिसलाच नाही. सूचना पोहोचण्याआधीच पुसली गेली. व्यायामशाळेतून निघताना मोठ्या मात्रेची ‘सी’ची गोळी विरघळवून पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग या कारभाऱ्याला जागे कसे ठेवायचे? इथे आपल्या स्वयंपाकघरात एक उत्तम नमुना आहे: मोहरी फेसणे. अख्खी मोहरी चावली तर फारशी तिखट लागत नाही. थोड्या थंड पाण्याबरोबर वाटून फेसली की पाचेक मिनिटांत नाकात झणका चढतो. मोहरीत सिनिग्रिन हा पदार्थ आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून ओला झाला की ते भेटतात आणि तो झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतो. एनआरएफ-२ ला चाळवणारे पदार्थ याच कुळातले. ब्रोकोलीतला सल्फोराफेनही त्यातलाच.

कृती चुकते ती अशी. गरम पाण्यात फेसली तर विकर मरते आणि मोहरी नुसती कडू होते. दही किंवा लिंबू पहिल्यापासून घातले तर झणका नीट चढत नाही. आधी पाणी, दहा मिनिटे थांबा, मग आंबट. फोडणीत तडतडलेली मोहरी चवीची राणी असेल, पण तिच्यात हे विकर उरलेले नसते. चार माणसांच्या काकडीच्या कोशिंबिरीला एक चमचा मोहरी पुरते. कोबी, नवलकोल, मुळा आणि मुळ्याचा पाला यांतही हीच यंत्रणा आहे: बारीक चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मगच फोडणीला टाका, आणि कुकरच्या शिट्ट्या नकोत. भाजी आधीच शिजली असेल तर वरून कच्च्या मोहरीची पूड भुरभुरावी; शिजवलेल्या ब्रोकोलीवर अशी पूड घालून खाल्ल्यास शरीरात चौपटीहून जास्त सल्फोराफेन पोहोचल्याचे मोजले गेले आहे. लसणाचेही तसेच, ठेचून दहा मिनिटे ठेवा, मग तेलात.

कारभारी जागा झाला तरी कच्चा माल हवा. ग्लुटाथायोन हा पेशीने स्वतःच बनवलेला अँटिऑक्सिडंट तीन अमिनो आम्लांचा बनतो आणि त्यातले तुटपुंजे असते ते सिस्टीन. ते डाळी, अंडी, मासे, दूध यांतून येते. नुसत्या चहा-चपातीवर दिवस काढणाऱ्या वृद्धांत इथेच खोट पडते. विकरांना जस्त, तांबे, मँगनीज, सेलेनियम लागते, तेही अल्प. सेलेनियमची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम आहे. वर सांगितलेल्या चाचणीत ई बरोबर तपासलेली त्याची २०० मायक्रोग्रॅमची गोळी कर्करोग टाळू शकली नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची शिफारस रोज ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ८५ ग्रॅम डाळी अशी आहे. सी जीवनसत्त्वाची गरज पुरुषाला ८०, स्त्रीला ६५ मिलिग्रॅम. बी काढलेला तीसेक ग्रॅमचा एक ताजा आवळा किंवा अर्धा पेरू ती जवळपास भागवतो. हजार मिलिग्रॅमच्या गोळीतले बरेचसे मूत्रातून निघून जाते. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना तिचा उपद्रवही होतो आणि काही ग्लुकोमीटर तिच्यामुळे साखर चुकीची दाखवतात.

गंज बाहेरून घालायचा नाही, हेही आलेच. सिगारेट आणि मिश्री यांपुढे कोणताही आवळा टिकत नाही. तळणीचे तेल काळपट, चिकट होऊन फेस धरून ठेवू लागले की टाकावे; खाद्यविक्रेत्यांसाठी तेलातील ध्रुवीय घटकांची (तेल तापून बिघडताना वाढणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के आहे, घरी मात्र मोजायला यंत्र नसते म्हणून डोळे आणि नाक वापरावे. दाण्याचे कूट आणि जवसाची चटणी एका वेळी आठवड्यापुरतीच करावी, बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी. खवट वास येणारी जवस ‘पौष्टिक’ म्हणून रेटून खाण्यात अर्थ नाही. तिच्यातले चांगले तेलच ऑक्सिडाइझ झालेले असते.

हळदीविषयी थोडे. हळदपुडीत कुर्क्युमिन जेमतेम तीन टक्के असते आणि आमटीतली हळद निर्धोक आहे. मिरीचा अर्क मिसळलेल्या एकाग्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मात्र वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. गोरेपणासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथायोनविरुद्ध फिलिपिन्सच्या औषध नियामकाने जाहीर इशारा दिलेला आहे.

आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा एवढीच की ‘अमुक फळात अँटिऑक्सिडंट तमुक पट’ असे छापताना तो आकडा परीक्षानळीतला की माणसातला, हे विचारावे. अशा आकड्यांची सारणी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ सालीच संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे; जाहिरातीतही ते वाचता येईल अशा अक्षरांत असावे.

केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असणाऱ्यांनी अशी कोणतीही गोळी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला न सांगता घेऊ नये. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी ई जीवनसत्त्वाबाबत तसेच. उलट, दृष्टिपटलाच्या वयोमानपरत्वे होणाऱ्या झिजेसाठी नेत्रतज्ज्ञाने ल्युटीन, जस्त असलेली गोळी लिहून दिली असेल तर हे पत्र वाचून ती बंद करू नये. त्या मिश्रणाची चाचणी झालेली आहे, आणि त्यातून बीटा कॅरोटिन वगळले गेले ते वर सांगितलेल्या कारणामुळेच.

आपल्या,
जीवरसायनशास्त्र व आहारशास्त्र विषयांच्या दोन अध्यापिका, पुणे