प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणून उठू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून घेतलेली माणसे त्याच संध्याकाळी मोठ्या निश्चयाने प्रार्थनेला बसतात. दोन आठवड्यांनी विचारावे, तर अनेकांचा नेम सुटलेला असतो आणि कारण बहुधा एकच असते : 'मनच लागत नाही हो. नुसतं बसून काय उपयोग?' या प्रश्नाची नेमकी, रोजच्या वापरातली उत्तरे ख्रिस्ती परंपरेत सोळाशे वर्षांपासून आहेत. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांपर्यंत मात्र ती फारशी पोहोचलेली नाहीत. 'प्रार्थना करा' असे प्रवचनात दर रविवारी ऐकू येते. मन भरकटले तर पुढच्या मिनिटाला काय करायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस (मृत्यू ३९९) या साधकाने ही अवस्था टिपून ठेवली आहे. सकाळी दहाच्या सुमारास ती सुरू होते आणि दुपारी दोनपर्यंत टिकते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला असे वाटते. साधू सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येतो, जेवणवेळेला किती अवकाश आहे ते उन्हावरून अजमावतो. मग ही जागाच नकोशी होते, इथे कोणाला आपली कदर नाही असे वाटते, दूरची नातलग मंडळी आठवू लागतात. या अवस्थेला त्यांनी 'अकेडिया' म्हटले. मराठीत तिला 'आळस' म्हणणे चुकीचे ठरेल, कारण अशा वेळी माणूस उलट उद्योगी होतो. प्रार्थनेला बसल्यावरच कपाट आवरायचे आठवते, कोणाला तरी फोन करायचा राहिलेला असतो. 'उबग' हा आपला शब्द तिला अधिक जवळचा आहे. एवाग्रियस यांचा उपाय साधा होता : जागा सोडायची नाही. उबगाशी झुंजून झाले की मागाहून मनाला शांती लाभते, हेही त्यांनी नोंदवले आहे.

मन भटकणे आणि जागेवरून उठणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आपल्या हातात नाही, दुसरी पूर्णपणे आहे. पंधरा मिनिटांत चाळीस वेळा मन पळाले आणि चाळीस वेळा आपण त्याला देवाकडे परत आणले, तर ती प्रार्थना चाळीस वेळा झाली, असे आमचे ठाम मत आहे.

येणारे सगळे विचार मात्र एका जातीचे नसतात, त्यामुळे सगळ्यांना एकच औषध चालत नाही. गॅस नोंदवायचा आहे, उद्या फी भरायची आहे, असले विचार सर्वांत निरुपद्रवी. शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी, दोन शब्द लिहावेत आणि परत फिरावे. लिहिले की ते पुन्हा येत नाहीत, कारण विसरण्याची भीतीच त्यांना परत परत आणत असते. आजारी आईचा किंवा नोकरी नसलेल्या मुलाचा विचार आला, तर त्याला हाकलू नये. त्या माणसाचे नाव घेऊन एकच वाक्य देवापुढे ठेवावे आणि सोडून द्यावे. तिथेच रेंगाळलो, तर प्रार्थना संपते आणि काळजी सुरू होते. राग आणि वैर यांची गोष्ट निराळी. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट आहे. भावकीतल्या जमिनीच्या वादाचा विचार रोज त्याच मिनिटाला येत असेल, तर तो व्यत्यय समजू नये. त्या दिवशी प्रार्थनेचा विषयच तो आहे.

घाण किंवा देवनिंदेचे विचार आले की भाविक माणसे सर्वांत जास्त घाबरतात. विचार आला हे पाप नव्हे, त्याला मनाने होकार दिला तर पाप. त्याच्याशी वाद घालू नये, 'असा विचार आलाच कसा' म्हणून खोदतही बसू नये, कारण जितके झटकावे तितका तो चिकटतो. तेच तेच विचार येऊन सारखी धास्ती वाटत असेल, तर एकाच धर्मगुरूंना सांगावे आणि त्यांचे म्हणणे मानावे. चार जणांना विचारत फिरल्याने ती धास्ती वाढतेच.

मन परत आणायला एक छोटी ओळ हाताशी असावी. इजिप्तमध्ये आबा इसहाक या वाळवंटातल्या साधूंकडून जॉन कॅशियन (सुमारे ३६०–४३५) हे साधक हेच शिकले. ओळ बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची : देवा, मला सोडवायला ये, प्रभो, माझ्या साहाय्याला त्वरा कर. जेवताना, झोपताना, मोहात, कंटाळ्यात, सगळीकडे हीच म्हणायची. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेत 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' ही ओळ रूढ झाली. कोणतीही एक घ्यावी आणि दर आठवड्याला बदलू नये. येशूने निरर्थक बडबडीविरुद्ध सांगितले आहे, हे खरे. पण गेथशेमाने बागेत त्यानेच तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, असे मत्तय लिहितो. शब्द तेच असण्यात दोष नाही. देवाला मोजून माप घातल्यासारखे ते टाकण्यात दोष आहे.

सुरुवात कशी करावी, याबद्दल येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची सूचना फार उपयोगाची आहे. बसण्याच्या जागेपासून एक-दोन पावले अलीकडे थांबावे, एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागेल इतका वेळ उभे राहावे आणि देव आपल्याकडे कसा पाहत आहे ते आठवावे. अर्धे मिनिटही लागत नाही, पण थेट स्वयंपाकघरातून येऊन धपकन बसण्यात आणि यात मोठा फरक पडतो. पंधरा मिनिटे ठरवली असतील तर ती टेबलावरच्या गजराच्या घड्याळात लावावीत आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. 'फोनमध्येच बायबल आहे' ही सबब चालणार नाही, छापील पुस्तक घ्यावे. अविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांच्यासारख्या प्रार्थनेच्या आचार्याही सुमारे अठरा वर्षे पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजत नसत, आणि तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडे आपले कान असत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मन अगदीच उडालेले असेल तर एक छोटे स्तोत्र मोठ्याने वाचावे. तेरावे सहा ओव्यांचे आहे, एकशे एकतिसावे फक्त तीन. ओठ हलले की मन थोडे तरी मागून येते. झोप येत असेल तर उभे राहावे. अंथरुणात पडून केलेली प्रार्थना बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीला संपते.

नेम मोडतो तो बहुधा चुकीच्या मापामुळे. पहिल्याच आठवड्यात तासभराचा संकल्प करायचा, दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी तीन तास भरून काढायचे, मग थकून सोडायचे. चुकलेला दिवस भरून काढू नये. आज आजचे करावे. घरच्या जपमाळेचेही तसेच. पाच दशकांत, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांत, 'नमो मारिया' ही प्रार्थना पन्नास वेळा येते, सुरुवातीच्या तीन धरून त्रेपन्न. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू ठेवायचे आणि दहा मिनिटांत माळ उरकायची, हे मुलांना बरोबर कळते. त्यापेक्षा टीव्ही बंद करून एकच दशक, एकच रहस्य (येशू-मारियेच्या जीवनातला चिंतनाचा प्रसंग), सावकाश म्हणावे.

उबग वेगळा आणि कोरडेपणा वेगळा. कधी कधी महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही. इग्नाशियस याची तीन कारणे देतात : आपली हेळसांड, आपली परीक्षा, किंवा सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावे म्हणून. पहिले कारण असेल तर सुधारावे. बाकी दोन असतील तर काही बदलू नये. अंधारात असताना आधी केलेला संकल्प मोडायचा नाही, हा त्यांचा नियम आहे.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. अशा माणसाला 'तुझा विश्वास कमी पडतो' असे प्रार्थनासभांत सर्रास सांगितले जाते. हे क्रूर आहे, शास्त्राला धरूनही नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटच्या ओळीतसुद्धा उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. खुद्द येशूने क्रुसावर 'माझा त्याग का केलास' हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले. आणि झोप, भूक, कामातला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, तर त्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले पाहिजे. गोळी घेऊन प्रार्थना करण्यात कमीपणा कसला?

केडगावच्या, पंडिता रमाबाईंनी स्थापलेल्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या आत्मिक जागृतीविषयी आपण अभिमानाने बोलतो. ती जूनअखेरीस झाली. रमाबाईंनी रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्याचे आवाहन केले होते ते जानेवारीत. मधल्या पाच महिन्यांतल्या त्या रोजच्या बसण्याविषयी कोणी बोलत नाही, आणि आम्हाला तेच शिकण्यासारखे वाटते.

इग्नाशियस यांची आणखी एक सूचना धर्मग्रामांच्या सूचनाफलकावर लावावी अशी आहे. प्रार्थना नकोशी वाटत असेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे जास्त बसावे. पंधरा मिनिटे ठरली असतील तर गजर वाजल्यावर आणखी एक मिनिट. मन लागले होते त्या दिवशी मात्र गजर वाजला की उठून आपल्या कामाला लागावे.

आपले,
प्रार्थना-शिबिरांत मार्गदर्शन करणारे काही प्रापंचिक,
वसई