उतरताना विमान एवढे का कलते?

संपादक महोदय,

मुंबईहून आलेले विमान कधी कधी जळगाव ओलांडून पुढे जाते आणि मग एका पंखावर कलून मागे फिरते. ‘पायलटला धावपट्टी सापडली नाही वाटतं,’ अशी कुजबुज लगेच सुरू होते. कारण साधे आहे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरते. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असला, की पश्चिमेकडून आलेल्या विमानाला पूर्वेला जाऊन उलटे फिरावेच लागते.

कल मात्र दिसतो तेवढा नसतो. प्रवासी विमान साधारण २५, फार तर ३० अंश कलते. उंचावरही वळताना ते २५ अंशांपर्यंत कलू शकते. फरक वेगाचा. ४५० नॉट (ताशी सुमारे ८३० किलोमीटर) वेगाच्या जेटला २५ अंश कलून काटकोनात वळायला सुमारे ८० सेकंद लागतात आणि वळणाची त्रिज्या साडेअकरा किलोमीटरच्या पुढे जाते. १८० नॉटला तेच वळण दोन किलोमीटरच्या आत, अर्ध्या मिनिटात उरकते. त्यात जमीन जवळ, म्हणून खालची केळीची शेते गरकन फिरतात. शिवाय शरीराला कल जाणवतच नाही. नीट घेतलेल्या वळणात वजन सरळ आसनातच दाबले जाते. ३० अंशांना ७० किलोच्या माणसाला ८० किलो झाल्यासारखे वाटते, एवढेच. हातातली अर्धी बाटली पाहा, पाण्याची पातळी विमानाच्या फरशीला समांतर राहते. त्यामुळे आपण सरळ आणि जमीनच उभी राहिली, असे डोळ्यांना वाटते.

३० अंशांची मर्यादा उगाच नाही. तेवढ्या कलाला स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा वेग ७ टक्क्यांनी वाढतो. ४५ अंशांना १९, तर ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. उतरण्याचा वेग स्टॉलच्या वेगाहून किमान २३ टक्के जास्त ठेवतात, म्हणजे ३० अंशांना हात राखून असतो. धोका वळण हुकल्यावर असतो. वारा विमानाला धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकलतो आणि ती गाठायला वैमानिक कल वाढवत नेतो. छोट्या विमानांचे अपघात असे झालेले आहेत. प्रवासी विमानांत कल फार वाढला तर इशाऱ्याचा आवाज येतो. ढगाळ हवेत १००० फुटांवर, स्वच्छ हवेत साधारण ५०० फुटांवर विमान रेषेत आणि वेग आटोक्यात नसेल, तर ते पुन्हा वर न्यायचे, असा शिरस्ता आहे. धावपट्टीजवळून विमान परत वर गेले, तर घ्यायला आलेल्यांनी वैमानिकाच्या नावाने बोटे मोडू नयेत. पुढची फेरी होईपर्यंत चहा घ्यावा.

– एक वाचक, जळगाव