निकालाची तारीख आणि विसाराची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक-दोन गुंठ्यांच्या दस्तनोंदणीवर बंधन आणणारे १२ जुलै २०२१ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द केले. ती बातमी वाचून मी टॉवेलच्या शिलाई-पॅकिंगच्या शेडसाठी अक्कलकोट रस्त्यालगत दोन गुंठे घेण्याचे ठरवले आणि जागामालकाला विसार दिला. दुय्यम निबंधकांच्या ज्या कार्यालयात आम्ही गेलो, तिथे मात्र ‘वरून आदेश नाही’ एवढेच उत्तर मिळाले. निकालाविरुद्ध सरकारने पुनर्विलोकन याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाने निकाल पुन्हा तपासावा अशी मागणी, दाखल केल्याचे मला पुढे वकिलांकडून कळले, खिडकीवर नव्हे. तोवर विसारपावतीची तीन महिन्यांची मुदत संपली होती आणि रक्कम निम्मीच परत आली.

अशा वेळी अनुभवी मंडळी सामाईक खरेदीखताची, म्हणजे समजा अकरा जणांनी मिळून एकच मोठा तुकडा एका दस्ताने घेण्याची, वाट सुचवतात. सातबाऱ्यावर अकरा नावे लागतात, प्रत्येकजण आपापले कुंपण घालतो, पण कागदावर कोणाचीच हद्द नसते. शेडसाठी कर्ज मागायला गेले की बँक गहाणखतावर अकराही जणांच्या सह्या मागते आणि एखादा खातेदार वारला तर वारसनोंद होईपर्यंत उरलेले दहा खोळंबतात. नोटरी आणि कुलमुखत्यारपत्राची वाट तर त्याहून वाईट. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही आमच्या हद्दवाढ भागात ‘नोटरीवर प्लॉट’ हा शब्दप्रयोग अजून सर्रास ऐकू येतो.

रीतसर नोंदणी झाली तरी निश्चिंत राहता येत नाही. विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल, परंतु मुद्रांक शुल्क भरून अंगठा आणि फोटो देऊन बाहेर पडणारा सामान्य खरेदीदार त्या शिक्क्यालाच मालकीची हमी समजतो.

म्हणून नोंदणी विभागाला विनंती आहे की, नोंदणीवर परिणाम करणारा निकाल लागल्यास तो लागू आहे, त्याविरुद्ध अपील आहे की त्याला स्थगिती आहे, हे प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या फलकावर मराठीत, तारखेसह लिहावे आणि नोंदणी नाकारल्यास त्याचे कारण त्याच दिवशी लेखी द्यावे.

आपला,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर